माझी एकट्याची सप्तपदी

तीर्थस्वरूप दादा,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा (हे पद अजून माझ्याकडेच आहे असं धरून) साष्टांग नमस्कार. आपली तब्येत उत्तम असेल, भूक लागत असेल, घरची मंडळी मजेत असतील. इकडे मी ठीक आहे. म्हणजे दूध उतू जातं, ते पुसेपर्यंत चहा गार होतो, आणि मग तो गरम करताना पुन्हा उतू जातो, एवढंच.

तुमची बहीण अचानक तिकडे आली. हवापालटासाठी आले असं तिने सांगितलं असेल, तर तो तिचा मोठेपणा. माझ्या साठीच्या शांतीला तुम्हाला येता आलं नाही, म्हणून झाला प्रकार मीच कळवतो. दुसऱ्या कुणाकडून कळला तर तिखटमीठ लावून कळेल, आणि खरं सांगायचं तर त्याला वरून काही लावायची गरजच नाही.

वीजबिलांच्या कचेरीतून निवृत्त झाल्यापासून मी सोळा संस्कारांचा अभ्यास करतोय, हे तुम्ही जाणताच. (तुमच्या नातवाच्या बारशाला मी नामकरणाच्या अर्थावर बोललो होतो. आधी बाळ झोपलं, मग बाळाची आई.) संस्कार म्हणजे माणसाला घासूनपुसून लख्ख करणं, असं मी भेटेल त्याला सांगत असतो. साठीच्या शांतीत सप्तपदी धरायची गरज नाही, असं गुरुजींनी पुन्हा पुन्हा सांगितलं. मी म्हटलं, धरा, लोकांना अर्थ तरी कळेल. तुमची बहीण म्हणाली, की गुडघा दुखतोय, फार वेळ उभं राहवत नाही, जरा आटोपतं घ्या. मी बरं म्हणालो. (ऐकलं नव्हतं. मी तेव्हा भाषणाचे मुद्दे घोकत होतो.)

तर माझं उपरणं आणि तिचा शेला यांची गाठ मारली, तांदळाच्या सात राशी मांडल्या आणि मी माईक घेऊन निघालो. पहिलं पाऊल अन्नाचं, दुसरं बळाचं, असं प्रत्येक राशीपाशी थांबून अर्थ उलगडत होतो. डोळे मिटले की मला चांगलं सुचतं, म्हणून बहुतेक वेळ ते मिटलेलेच होते. चौथं पाऊल सुखाचं. तिथे मी असंही बोलून गेलो, की मनं जुळली की जोडीदाराचं ओझं जाणवत नाही, बघा, मला आत्ता किती हलकं वाटतंय. समोर कुणीतरी खोकलं. सातवं पाऊल सख्याचं, म्हणजे मैत्रीचं. त्यावर मी मनसोक्त बोललो आणि शेवटी हिचा हात धरायला वळलो, तर मागे नुसता शेला जमिनीवर लोळत होता. तुमची बहीण दुसऱ्या राशीपाशी, गुरुजींनी दिलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर, गुडघा चोळत बसली होती. सगळा हॉल हसला.

इथे तरी मी गप्प बसायचं. पण मी माईकवरूनच म्हणालो, सात पावलंसुद्धा धड टाकता येत नाहीत का तुला? हसणं थांबलं. ती उठली, लंगडत माझ्यापर्यंत आली, गाठ सोडली आणि शेल्याची घडी घातली. "अहो, इतकी वर्षं तुमच्या मागूनच चालतेय," ती म्हणाली. "वळून बघितलंत ते आज." आवाज चढवला नव्हता, पण माईक चालू होता. पाहुणे खाली मान घालून जेवले. मला लाज वाटली, दादा, आणि ती अजून जात नाही. दाढी करताना आरशात नीट बघवत नाही, त्यामुळे हनुवटी कापून घेतलीय. इतरांना लख्ख करायला निघालेल्या या माणसावर साठ वर्षांत एकही संस्कार नीट चढला नाही, असं आता वाटतं.

तिने परत कधी यावं ते तिचं तिने ठरवावं. तिकडे बरं वाटत असेल तर राहू दे. मी कुकर लावायला शिकलोय. (शिट्ट्या मोजायच्या असतात, हे उशिरा कळलं.)

तुमचा,
नाव घ्यायलाही संकोचणारा मेहुणा

ता. क. खरं काम राहिलंच. काल औषधांच्या दुकानात गुडघ्याला बांधायचा पट्टा आणायला गेलो होतो. दुकानदाराने विचारलं, दुखणं उजव्या पायाचं की डाव्या? मला सांगता येईना. मागे लोक खोळंबले होते. 'घरी विचारून येतो' म्हणालो आणि रिकाम्या हाताने परत आलो. विचारायला घरी कोण होतं? तेव्हा तिला कळू न देता तेवढं बघून कळवा.

ता. क. दुसरं. तुमचं डोळ्याचं ऑपरेशन कसं झालं, हे विचारायलाच विसरलो. त्याचीही लाज वाटते. आणि पाकीट चिकटवायला घेतलं तेव्हा ध्यानात आलं, की डोळ्यावर पट्टी असेपर्यंत तुमची पत्रं तीच वाचून दाखवत असणार. सगळं फाडून नवीन लिहावं असं वाटलं, पण राहू दे.

अगं, उजवा की डावा?