लाल केळीची पिल्लं

४ सप्टें.
मामंजी हातकणंगल्याहून आले. मोतीबिंदूचं ऑपरेशन ८ ला. उभा जन्म केळीच्या बागेत गेलेला माणूस, पिशवी ठेवायच्या आधी परसात. माझी लाल पानांची केळ चाचपली. शोभेची आहे म्हटलं, तर: "केळी खाता येत न्हाईत? मग पाणी कशाला घालतीस?"
आणि हसले. चहात साखर जरा कमीच घातली.

६ सप्टें.
शाळेतून आले तर केळीच्या बुडाची चारही पिल्लं गायब. पहारीनं, मुळासकट. मामंजी कट्ट्यावर हात पुसत बसलेले, शाबासकीच्या अपेक्षेत. "निसवायच्या आधी पिलं ठेवायची न्हाईत. आईचं अन्न खात्यात."
निसवायच्या आधी! फूल येऊन महिना झाला. शेंड्यात, सरळ उभं, गुलाबी. फूल आलं म्हणजे हा खांब वाळणार, पुढं फक्त पिल्लं. हे त्यांना मी शिकवायचं? विचारलं असतं तर तोंड झिजलं असतं का? बोलायला गेले आणि रडूच आलं. भाकरी करपली. तीच वाढली.
नवरा म्हणतो, "नवी आणू की. नर्सरीत ढीग मिळतात."
ढीग. आईच्या अंगणातली मिळते? ती गेल्यावर उचगावचं घर विकलं, भावानं भांडी घेतली, मी ओल्या पोत्यात गुंडाळून ही केळ आणली. तिथं आता पार्किंग आहे. त्याला हे माहीत आहे. म्हणून जास्त राग.

८ सप्टें.
ऑपरेशन झालं. डबा मीच नेला, रागावले म्हणून माणसाला उपाशी ठेवता येत नाही. मामंजी शेजारच्या खाटेवरच्या पाव्हण्याला सांगत होते, "सुनंची बाग मीच सावरली की." डबा आपटला. झाकण उडालं.

१० सप्टें.
पट्टी काल निघाली. आज सकाळी परसात उभे, मान वर करून. बराच वेळ.
"पोरी, ही निसवलीया?"
"कधीचीच."
"फूल वर? आमची खाली लोंबत्यात."
मग चार खड्ड्यांकडे बघत राहिले, जेवायलाही आले नाहीत. वाटलं होतं, त्यांना कळलं की मला बरं वाटेल. कुठलं काय. आता भांडायचीही सोय नाही.

१९ सप्टें.
खालची दोन पानं वाळली. मामंजी गावी जायचं नाव काढत नाहीत. डॉक्टरांनी मातीत हात घालायला मना केलंय, तर काळा चष्मा लावून खड्ड्यांपाशी बसून असतात. नवऱ्याला त्यांची दया येते. माझी नाही आली कुणाला.

२३ सप्टें.
सकाळी हाक. "कोंब हाय. बुडाशी, लाल. बघ."
वाकले. मला मातीच दिसली. आणि टोकदार असं काहीतरी, वाळकी सालही असेल.
"दिसतंय न्हवं?"
उकरून बघायची हिंमत झाली नाही. त्यांचीही नसावी.
"तू शाळंला जा. पाणी मी घालतो."
तांब्या भरून हातात दिला. माफ केलेलं नाही.