रिकाम्या जात्याचा आवाज

पुणे, ता. १२ जानेवारी १९४०

तीर्थरूप आजीस, गेनूचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक. तू शिवलेली गोधडी मी अंगावर घेत नाही म्हणून रागावू नकोस. ती आम्ही कॅमेऱ्यावर घालतो. त्याची घरघर बोलपटात उतरते आणि ती दाबायला कंपनीत दुसरं काही नाही. मायक्रोफोन वेल्ह्याच्या बांबूला टांगून नटांच्या डोक्यावर धरतो, विहिरीतला आवाज हवा तर रांजणात सोडतो. मी कानाला यंत्र लावून बटण फिरवत बसतो. नट पुटपुटला की आवाज वाढवायचा, ओरडला की उतरवायचा. आता हेच काम आपोआप करणारी पेटी शेठनी विलायतेहून आणली आहे. महिनाअखेर माझी आणि पेटीची परीक्षा. पेटी सरस ठरली तर मला घरी यावं लागेल.

आमचं चित्र भोरला तंबूत लागलं आहे. त्यातला जात्याचा प्रसंग शेठना फार प्रिय. पाहून ये आणि खरं काय ते लिही.

तुझ्या आशीर्वादाचा भुकेला,
गेनू

भोंगवली, पौष शुद्ध दशमी

चिरंजीव गेनूस आजी सगुणाबाईचा आशीर्वाद. वि. वि. अक्षर वाकडं हाय, तुझ्याच पाटीवर शिकलेलं, तवा हसू नको.

शेजारच्या फुलाबाईला घेऊन भोरला जाऊन आले. ती एका कानानं बहिरी, तरी शेवटच्या रांगेत तिला समदं ऐकू आलं. नायिका रुसून पुटपुटती, त्येसुदा. बांगड्या मागं सारल्या तर त्या वाजल्या. पडद्यावर तू कुठं दिसला न्हाईस, पण परत्येकाच्या तोंडापाशी तुझाच हात हुता, ह्ये मला कळलं. लई चांगलं काम. एवढंच लिहिते, जास्त लिहिलं तर डोक्यात जाईल.

आता जातं. गेनू, त्ये रिकामं हाय! पीठ आधीच भवती पसरून ठिवलंय, बाई झोकात ओढती, पण आत दाणा न्हाई. दगडावर दगड घासतोय. जोंधळा असला तर जातं घरघरतं, नाचणी असली तर बारीक कुरकुरतं. तंबूतल्या समद्या बायका एकमेकींकडं बघाया लागल्या. रिकामं जातं ओढू न्हाई, घरातलं धान्य सरतं, ह्ये तू माझ्या मांडीवर निजायचास तवापास्नं तुला ठावं. पुण्याच्या लोकांचं सोड. तुझ्या कानाला यंत्र लावलं, म्हणून आतला कान गेला व्हय?

चूक झाली म्हणून शेठला सांग. परीक्षेच्या आधी सांग, मागनं सांगितलंस तर पळवाट वाटंल. नोकरी गेली तर हितं भाकरी हाय.

माया पातळ करू नको, असं शेवटी लिहायची रीत हाय म्हणून लिहिलं.
सगुणाबाई

पुणे, ता. २ फेब्रुवारी १९४०

तीर्थरूप आजीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. चूक माझीच. नायिकाबाईंना भरलं जातं ओढवेना, म्हणून मीच दाणे काढायला लावले होते. शेठना सांगितलं. ते म्हणाले, पुण्यात कुणाला कळलं नाही, आणि परीक्षेच्या तोंडावर तू स्वतःहून सांगतोस? नोकरी गेली असं मी धरूनच चाललो.

पण त्यांनी परीक्षेला तोच प्रसंग घेतला. बाजारातून जोंधळा आणला आणि कंपनीत झाडलोट करणाऱ्या चंद्राबाईंना जात्यावर बसवलं. त्या ओवी म्हणत दळू लागल्या. आधी पेटीनं आवाज धरला, मग मी. चंद्राबाई श्वासाला थांबल्या की पेटीला वाटे आवाज पडला. ती घाईनं जात्याचीच घरघर वर चढवी आणि ओवीचा पुढचा शब्द त्याखाली चिरडला जाई. मूठभर दाण्यांचा घास जात्यात घालायला बाई थांबते तेव्हाच ती श्वास घेते, हे मला ठाऊक. तिथं मी बटणाला हातच लावला नाही.

शेठनी दोन्ही फिती चंद्राबाईंनाच ऐकवल्या. त्या म्हणाल्या, पहिल्यात नुसतं जातं आहे, दुसऱ्यात मी दळायला बसले आहे. शेठ हसले. पेटी आता लढाया आणि जत्रा धरील. माणसाचं बोलणं आणि गाणं माझ्याकडे. नोकरी राहिली, आजी.

तुझा धाक असाच राहू दे.
गेनू

भोंगवली, माघ, सोमवार

चिरंजीव गेनूस आशीर्वाद. वि. वि. पत्र पोचलं. नोकरी राहिली म्हणून तुझी आई रडली. तू खरं बोललास म्हणून मी जेवले. चंद्राबाईला माझा नमस्कार सांग, बाई जाणती दिसती.

फुगू नको. आज पेटीला घास कळला न्हाई, उद्या कुणी गोरा तिला त्योबी शिकवंल. तवर तू चार गोष्टी आणखी शीक. सध्या सुगी हाय. आठ दिसांची रजा काढून ये. उफणताना वारा पडला की दाणा कसा पडतो, दहिवरानं ओला कडबा कसा वाजतो, वाळला कसा, त्ये खळ्यावर बसून ऐक. कोण कामाला बोलावंल तर त्याला मी बघून घेईन.

तू ऐकत असशील तवा मी गप ऱ्हाईन. तुझ्या आज्यासाठीबी कधी ऱ्हायले न्हवते.

वाट बघणारी,
सगुणाबाई