पाचवी कोंबडी

४ फेब्रुवारी
तीन नंबरच्या शेडमध्ये सकाळी एकशे दहा कोंबड्या मेल्या. तुरे निळे पडलेले. मालक म्हणतो, "गारठ्यानं गेल्या." गारठ्यानं! सहा वर्षं इथं अंडी गोळा करतेय मी. मला शिकवतोय!

७ फेब्रुवारी
बर्ड फ्लूच निघाला. सगळ्या शेड रिकाम्या केल्या, कोंबड्या मारून खड्ड्यांत पुरल्या. आम्हाला गोळ्या दिल्या, एक थर्मामीटर दिला. डॉक्टरीण म्हणाली, दहा दिवस घरच्यांपासून लांब राहा. म्हणजे कामही गेलं.

तिथंच अंघोळ केली, कपडे साबणाच्या पाण्यात टाकले, मग घरी आले. तरी वहिनी दारातून ओरडली, "ताई, तिथंच थांबा!" माझं अंथरूण मागच्या कोठीत आधीच टाकलेलं. दादा फोनमध्ये डोकं घालून बसला. मी लांबूनच सांगितलं — खुराडं बंद ठेवा, कोंबड्यांना हात लावला तर साबणानं धुवा, एखादी मेली तर उघड्या हातानं उचलू नका, कळवा. वहिनी म्हणाली, "कळतं आम्हाला."

८ फेब्रुवारी
वहिनीनं ताट झाडूच्या दांड्यानं सरकवलं! आमटी सांडली. आई तेवढी अंगणाच्या टोकाला उभी राहून विचारते, "जेवलीस का गं?" सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा.

१० फेब्रुवारी
आज सरकारी पथक आलं. आसपासच्या सगळ्या घरांतल्या कोंबड्या नेल्या. मी कोठीच्या खिडकीतून बघत होते. आमच्या पाच. वहिनीनं दिल्या चार. "चारच होत्या," म्हणाली. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

लंगडी कुठंय? पाय वाकडा म्हणून पिल्लू फेकून देणार होते, मी जेवणाच्या डब्यात घालून आणलं होतं. आता रोज अंडं देते. वहिनीचा जीव त्या अंड्यात.

११ फेब्रुवारी
घरातून कुककुक ऐकू आली. घरातून! मी बाहेर आणि कोंबडी आत! हसू आलं, मग रडू आलं.

पथकाचा नंबर गोळ्यांच्या पाकिटावर आहे. एक फोन केला की झालं. नाही केला. मला दांड्यानं ताट सरकवणारीला कळू दे एकदा. भोग म्हणावं.

१२ फेब्रुवारी
दवाखान्यातून रोज अकराला फोन येतो. ताप किती, खोकला आहे का, घरात पक्षी आहे का.
नाही म्हणाले.

१३ फेब्रुवारी
ताप नाही. "घरात पक्षी?" नाही.

१४ फेब्रुवारी
कुककुक बंद. वहिनीच्या तोंडावर बारा वाजलेत. मेली वाटतं. कोणी उचलली, कशी उचलली, कोण जाणे. विचारावंसं वाटलं, पण ती मला विचारते का काही? मी का बोलू?

वाईट वाटलं लंगडीचं. ते मात्र खरं.

१५ फेब्रुवारी
आई आज आलीच नाही. ना सकाळी, ना संध्याकाळी. तिचेही कान भरले शेवटी! पोटची पोर नऊ दिवस कोठीत पडलीय, आणि अंगणापर्यंत यायला पाय दुखतात हिचे. राहू दे. मीही हाक मारणार नाही.

१६ फेब्रुवारी
आजही नाही. जेवले नाही. विचारायला आहे कोण?

१७ फेब्रुवारी
सकाळी आईला गाडीतून नेलं. तीन दिवस ताप होता, आता श्वास घेता येत नाही. लंगडी तिच्या खाटेखाली टोपलीत होती. मेल्यावर तिनंच मांडीवर घेऊन फडक्यात गुंडाळली.

वहिनी रडत होती. "मी देतच होते हो, ताई. आईंनी सोडली नाही. म्हणाल्या, तिची आहे, तिला विचारल्याशिवाय कशी देऊ?"

दादा म्हणाला, "तुझे दहा दिवस संपले. ये आत."

मला अकरा तारखेपासून माहीत होतं.