फोलाके आंटींचा ताईवो

ईलिंग, ६ नोव्हेंबर

ती. आईस,

मांडीवर सान्वी झोपलीय, तेव्हा बसल्या बसल्याच नमस्कार. बारशाचं झबलं शिवून झालं म्हणालीस, छान. इथे थंडी पडलीय, कानटोपी आण. तू येण्याआधी त्या बारशाचंच एक ठरायला हवं. फोनवर तू बोलू दिलं नसतंस, म्हणून कमलाकरकाकांबरोबर हे पत्र.

शेजारच्या फोलाके आंटी तुला सांगितल्या होत्या ना? नायजेरियाच्या, योरुबा, रिटायर्ड नर्स. पक्क्या कॅथलिक, दर रविवारी चर्च. त्यांच्या फ्रंट रूममध्ये निळ्या वस्त्रातली मेरी आहे आणि तिच्या पायाशी वीतभर लाकडी बाहुला. गळ्यात मणी, अंगाला तेल. आंटी त्याला न्हाऊ घालतात, अगदी तू बाळकृष्णाला घालतेस तसं. मला वाटलं, हा त्यांचा बाळकृष्णच. मी आपला डिंकाच्या लाडवाचा तुकडा त्याच्यापुढे ठेवला नि हात जोडले. आंटी बघतच राहिल्या. त्याला गोड आवडतं हे तुला कोणी सांगितलं, म्हणाल्या.

तो देव नाहीये, आई. त्यांच्या जुळ्यांतला गेलेला मुलगा आहे, ताईवो. योरुबांच्या जुन्या रीतीत जुळ्यांतलं एक गेलं की त्याची मूर्ती करतात आणि आई तिला दुसऱ्या बाळासारखंच न्हाऊमाखू घालते. दुसरा, केहिंडे, लीड्सला असतो. त्याला आता टक्कल पडलंय.

मग काय, माझ्या चौकशा सुरू. न्हाणाच्या पाण्यात त्या चर्चमधलं पाणी थोडं घालतात, तीर्थच म्हण. वर पांढरं फडकं गुंडाळतात, कारण पोटात मूल घडवणारा त्यांचा देव ओबाताला पांढरं नेसतो, आणि बाप्तिस्म्याला बाळही पांढऱ्यातच असतं. यातलं योरुबा कुठलं नि कॅथलिक कुठलं? मला कधी वेगळं करावं लागलं नाही, म्हणाल्या. मग फादर रागावत नाहीत का, असं विचारलं, तर त्यांनी मेरीकडे बोट केलं.

"तिचाही मुलगा गेलाय. तिच्यापासून काय लपवायचं?"

घरी येऊन मी रडले. हॉस्पिटलमधून आल्यापासून पहिल्यांदा.

माझेही दोन होते, आई. तू म्हणालीस, त्याचा विषय नको, जी आहे तिच्याकडे बघ. बघतेच आहे गं. पण तुझा फार राग आला होता, सांगून टाकते. आम्ही त्याचं नाव समर ठेवलंय. परीक्षितसुद्धा ते मोठ्याने घेत नाही.

मूर्ती वगैरे नकोय मला. परीक्षितला बहीण नाही, म्हणजे आत्याच्या जागी तूच. सान्वीच्या कानात तिचं नाव सांगून झालं की तिच्या भावाचंही सांग. तेवढं जमणार नसेल तर बारसं राहू दे, तू नुसती ये.

आणि जमणार असेल, तर त्याच कापडाचं आणखी एक झबलं शिव.

तुझी अक्षया,
सान्वीची आणि समरची आई