बांधावरचं पहिलं लुगडं

लातूर,
१२ डिसेंबर

तीर्थरूप मामंजींस,
वर्षाराणीचा शरणु शरणार्थी.

सासूबाईंचा गुडघा आता कसा आहे? शिवांशची सर्दी गेली. पाचवीत गेल्यापासून भाषणं फार देतो, अगदी तुमच्यावर गेलाय.

तुम्ही सांगितलेलं काम झालं. चाकूरच्या शेतात पूर्वजांच्या नावांची शिळा बसवायची, म्हणून आपण भादेकर कुठले याचा शोध घ्यायला लावलात. औशाच्या किल्ल्यात आपला कोणी किल्लेदार निघेल, अशी तुमची खात्री होती. दोनदा जाऊन आले. किल्लेदार काही निघाला नाही, मामंजी. मग सरळ भाद्यालाच गेले.

तिथं कमलम्मा नावाच्या आजी भेटल्या. चाकूरचे भादेकर म्हटल्यावर हसायलाच लागल्या. "आगं, तुमी तर दानम्माचे! माझ्या आज्जीची थोरली बहीण ती. नवरा मेला, तवा सासरचे म्हनले, जायचं तर जा, पोरगं ठेव. हिनं न्हाई ठेवलं. कडंवर घिऊन चाकूरला पाट लावून गेली. त्या पोराला समदे भाद्याचा म्हनू लागले. नव्या नवऱ्यानं जमीन बी त्याच्याच नावं केली. बांधावर लिंबाखाली हाय की तिची समाधी."

आपल्या घरात लग्नाचं पहिलं लुगडं त्याच समाधीला नेसवतात. माझ्या लग्नात तुम्हीच नेसवलंत, देवीचं ठाणं म्हणून.

मी तुम्हाला वीरेशचं स्थळ सांगितलं तेव्हा तुम्हीही तेच म्हणालात, "जायचं तर जा, पोरगं हितंच ऱ्हाईल. भादेकराचं नाव दुसऱ्याच्या घरात जायचं न्हाई." मन्मथला जाऊन चार वर्षं झाली. तुमचा तो मुलगा होता, म्हणून त्या दिवशी मी गप्प बसले. आता बसणार नाही. दुसऱ्याच्या घरात गेलं म्हणूनच तर हे नाव आज आहे!

शिवांश माझ्यासोबत येणार आणि भादेकरच राहणार. वीरेशची हरकत नाही. असती तर मीच त्यांना नकार दिला असता. शिळेवर पहिलं नाव दानम्माचं घाला. नाही घातलंत, तर कमलम्मांना गाडीत बसवून चाकूरला आणीन. मग त्याच सांगतील साऱ्या गावाला.

लग्न माघात आहे. त्याआधीच्या सोमवारी मी बांधावर येणार. हिरवं लुगडं घेऊन ठेवलंय. परवानगी मागत नाही, कळवते आहे. तुम्ही आलात तर नारळ तुम्हीच फोडा. मला फार बरं वाटेल.

तुमची, आणि त्याआधी दानम्माची सून,
वर्षाराणी