ऋषीची भाजी आणि सकाळची गोळी

।। श्री ।।
कर्वेनगर, पुणे
६ ऑगस्ट २०१९

ती. स्व. कुसुमवन्सं यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, हे या वेळी माझ्या पथ्यावरच पडलं. हे दिवसभर घरात असतात, त्यामुळे फोनवर मला यातलं काही बोलताच आलं नसतं.

तुमचे बंधू सध्या आदिमानव झाले आहेत. मोबाइलवर कुणाचं तरी व्याख्यान ऐकलं. आपले पूर्वज म्हणे शिकारीवर जगले. पीठ, भात, साखर ही सगळी शेतीनंतरची अवदसा आणि मधुमेह तिच्याच मागून घरात शिरला. जूनपासून पोळी, भाकरी, भात, बटाटा बंद. शिकार म्हणून कोपऱ्यावरच्या डेअरीतून पनीर मारून आणतात. वजन उतरलं, साखर उतरली, तेव्हा मीही मान डोलावली. खोटं कशाला बोलू?

पण शनिवारी सकाळी हे बेसिनपाशी नुसतेच उभे होते. पंखा चालू असून शर्ट घामानं चिंब. काय होतंय म्हणून विचारलं, तर माझ्याकडे पाहिलं आणि अगदी सभ्यपणे म्हणाले, की आपण बसा ना. वन्सं, बत्तीस वर्षांत ह्यांनी मला कधी आपण म्हटलेलं नाही.

देवापुढचा पेढा मी हातावर ठेवला. प्रसाद म्हणून सवयीनं तोंडात टाकला, आणि थोड्या वेळानं माणसात आले. झालेलं काहीच आठवत नव्हतं. डॉक्टरांना यातलं काही ठाऊक नाही. पुढचा रिपोर्ट समोर टाकून त्यांना गप्प करायचं, असा बेत आहे. मला शपथ घातली आहे. काय करू?

तुमच्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
सुहासिनी


।। श्री ।।
विश्रांतवाडी
१० ऑगस्ट

चि. सौ. सुहासिनीस,
अ. उ. आ.

आमच्या घराण्यात कुणी शिकार केल्याचं मला तरी ठाऊक नाही. अण्णांनी एकदा उंदीर पकडला होता. तो सोडायला पिंजरा घेऊन कालव्यापर्यंत चालत गेले, आणि त्याला वाटेत भूक लागेल म्हणून भाकरीचा तुकडाही दिला. असे हे बाळचे पूर्वज.

हसून झालं. आता ऐक. साखर उतरवणारी गोळी तो रोज घेतो ना? पोटात उतरवायला काही नसलं, तरी ती गोळी आपलं काम करीतच राहणार. मला भीती वाटते आहे ती याचीच. त्याची शपथ मी माझ्या डोक्यावर घेतली असं समज आणि डॉक्टरांना सांग. उद्याच.

 

तुझी वन्सं,
कुसुम


।। श्री ।।
कर्वेनगर
२० ऑगस्ट

ती. स्व. वन्सं,
शि. सा. न.

तुमचं ऐकायला हवं होतं. दवाखान्यात फोन लावला, तर हे मागे येऊन उभे राहिले. मी फोन ठेवून दिला.

काल श्रावणी सोमवार. एरवी उपासाला साबुदाणा असतो. या खेपेला ताकाशिवाय काही नाही, आणि गोळी मात्र वेळेवर. दुपारी पाहते तर स्वयंपाकघराच्या दारात जमिनीवर बसलेले, नजर भलतीकडेच. पेढा तोंडाशी नेला तर थुंकले. विष, विष म्हणत होते. मी बोटावर मध घेऊन ओठांच्या आतून चोळला, तर बोटालाच कडकडून चावले. मी बोट काढलं नाही, वन्सं. काढलं असतं तर पुन्हा तोंड उघडलं नसतं.

शुद्धीवर आल्यावर माझ्या बोटाचं रक्त पाहून विचारलं, की कशानं कापलं? मी विळी म्हणाले.

डॉक्टरांचं नाव काढलं की एकच म्हणतात, ते पुन्हा पोळी खायला लावतील आणि मग पुढचं सगळं ठरलेलं. पुढचं काय, ते सांगत नाहीत. आता दूध आणायला खाली जायचीही मला भीती वाटते. दार उघडताना वाटतं, आत कोण असेल?

तुम्हीच काहीतरी लिहा. ह्यांना लिहा.

तुमची,
सुहासिनी


।। श्री ।।
विश्रांतवाडी
२४ ऑगस्ट

चि. बाळ यास,
अ. उ. आ.

यज्ञेश्वरराव म्हणून लिहिणार होते, पण तेवढा मोठा तू माझ्यापुढे अजून झालेला नाहीस.

पूर्वज काय खात होते म्हणतोस? कुठले पूर्वज? बर्फात राहणारे मांसावर जगले असतील. पण फार जुन्या माणसांच्या दातांवरचं कीटण खरवडून तपासलं, तर त्यात पिठूळ कंदांचे कणही सापडले, असं मी वाचलं आहे. मी काही त्यांच्या पंगतीला नव्हते. तुझा तो व्याख्याताही नव्हता.

येत्या ऋषिपंचमीला आई काय करायची, आठव. बैलाच्या कष्टाचं त्या दिवशी काही खायचं नाही. म्हणजे नांगराच्या आधीचं जेवण, वर्षातून एकदा आठवणीनं. त्यात हरीण नव्हतं, बाळ. सुरण होता, अळू होतं. रताळं आणि मका समुद्रापलीकडून फार उशिरा आले, हे मलाही कळतं. ते बाजूला काढ. सुरणाचं काय करशील?

तरी मी चुकत असेन. पोळी खाऊ नकोस हवं तर. फक्त एवढं सांग, कुठला पूर्वज सकाळी उठून ती पांढरी गोळी घेत होता? जेवण त्यांचं आणि गोळी आजची, असा खेळ कुठल्याही युगात कुणी खेळलेला नाही. तो तू खेळतो आहेस.

सुहासिनीचं बोट विळीनं कापलेलं नाही. ते तुझ्या दातांनी फोडलं आहे.

गुडघ्यामुळे मला जिने चढवत नाहीत. चढायला लावू नकोस.

तुझी ताई


।। श्री ।।
कर्वेनगर
१० सप्टेंबर

ती. स्व. वन्सं,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र ह्यांनी उभ्यानंच वाचलं. मग माझा हात हातात घेऊन बोट उजेडात धरून पाहिलं. गोळ्यांचं पाकीट खिशात घातलं, चपला घातल्या आणि म्हणाले, चल.

डॉक्टर दोघांवरही संतापले. ती गोळी तिथल्या तिथे बंद केली. पीठ-भात कमी खायचं तर खा म्हणाले, पण मला न सांगता नाही, आणि साखर तपासून. खिशात साखर ठेवायला सांगितली आहे.

परत येताना हे बसथांब्यावर बसले आणि अण्णांच्या साखरेनं चिघळलेल्या पायाबद्दल बोलले. पट्टी बदलताना शाळकरी वयात ह्यांनी तसराळं धरायचं, तो वास, आणि मग एक दिवस पाऊलच नव्हतं. ते म्हणाले, मला शंभर वर्षं जगायचं नाही गं, मला दोन्ही पायांनी जायचं आहे. मी ह्यांच्या ताटाला भीत होते आणि हे स्वतःच्या पावलांना. एकाच घरात.

पंचमीला ऋषीची भाजी केली. तुमचा हवाला देऊन ह्यांनी मका बाजूला काढला, सुरण मुकाट्यानं खाल्ला.

आता रोज सकाळी मी ह्यांना विचारते, की मी कोण? आदिमानवाची बायको, असं उत्तर येतं. काल उत्तर आलं नाही. नुसते माझ्याकडे पाहत राहिले. मग हसले. तोंडात चहाचा घोट होता म्हणाले, आणि खरंच होता. पण तोवर माझा हात पेढ्याच्या डबीवर गेला होता, वन्सं, आणि तो तिथून लवकर निघेना.

तुमच्या मायेवर आमची सगळी भिस्त आहे. गुडघ्याला जपा.

आपली,
सुहासिनी