सापडू नये म्हणून शोधलेलं नाव

प्रिय वन्सं,

त्या सकाळी ऊन चांगलं पडलं होतं, म्हणून मी घरातल्या सगळ्या चादरी धुवायला काढल्या होत्या. हे दुकानात निघाले होते, पण ओल्या चादरीला पीळ घालणं एकटीला जमत नाही, म्हणून बाह्या सरसावून दुसरं टोक धरायला थांबले. मी इकडून फिरवतेय, हे तिकडून, आणि मधेच यांना हसू फुटलं. म्हणाले, ताईसुद्धा अशीच माझ्याकडून चादरी पिळून घ्यायची. हात सैल पडला की ओरडायची, अरे मुंगी, जोर लाव की! माझ्या हातातलं टोक सुटलं. ती चादर पुन्हा धुवावी लागली. लग्नाला इतकी वर्षं झाली होती आणि मला तोवर एवढंच ठाऊक होतं, की यांना मागेपुढे कुणी नाही.

तुम्ही मला ओळखत नाही. मी तुमच्या मुंगीची बायको. वन्सं हा शब्द मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. माहेरी भावजया मला वन्सं म्हणायच्या आणि मी उगाच ऐटीत मान डोलवायचे. आपल्याला मात्र कुणाला तसं म्हणायला मिळायचं नाही, हे मी धरूनच चालले होते. लिहून पाहिला, बरा दिसतो.

आधी तुम्हाला जे कळायला हवं ते सांगते. मुंगी पुढे चांगला माणूस झाला. बालगृहातून बाहेर पडल्यावर एका कारागिराने हाताखाली घेतलं आणि शिलाई मशीन दुरुस्त करायला शिकवलं. मग बाजारात स्वतःचं दुकान काढलं, म्हणजे आत दोघं उभे राहिले तर तिसऱ्याने रस्त्यावर थांबावं, एवढं. मशीन उघडण्याआधी हे तिला कान लावून ऐकायचे. गिऱ्हाइकं थट्टा करायची, काय मास्तर, नाडी लागते का? हे म्हणायचे, नाडी ठणठणीत आहे, मालकीणच तेल पाजत नाही. झोप गाढ. राग आला की जेवताना तोंड मिटून बसायचे आणि दुसऱ्यांदा वाढून घेईपर्यंत तो विसरूनही जायचे. आम्हाला एक मुलगी आहे, दूरच्या शहरात नोकरी करते. मी शाळेत गेले नाही. मशीनचे सुटे भाग ज्या जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळून यायचे, त्या कागदांवर मी माझी मी वाचायला शिकले. अडलं की विचारायला हे होते. तेव्हा काही चुकलंमाकलं असेल तर सांभाळून घ्या.

त्या चादरींच्या दिवशी यांनी ट्रंकेच्या तळातून बालगृहाचा दाखला काढून दाखवला. त्यावर आईंचं नाव होतं, आणि खाली ‘मोठी बहीण’ असं लिहून तुमचं. मुलीने फोनवर जुन्या नोंदींची एक साईट शोधून दिली. नाव घातलं की ती सांगायची, इतके इतके सापडले. आणि उघडायला गेलं की आधी वर्गणी भरा. पहिले काही दिवस फुकट, पण त्यासाठीसुद्धा कार्डाचा नंबर आधी हवा. हे म्हणाले, म्हणजे माझीच माणसं मी भाड्याने बघायची? राहू दे. मग जरा वेळाने म्हणाले, ताईला कधीतरी शोधू. आईचं मात्र नाव काढू नकोस, मला बालगृहात ठेवून तिने हात सोडला. मी बरं म्हटलं. कधीतरी म्हणता म्हणता मुलीचं शिक्षण झालं, दुकानाचं छप्पर बदललं, आणि ते कधीतरी काही आलं नाही.

गेल्या वर्षापासून मला दुपारी घरात बसवत नाही. म्हणून मी सार्वजनिक वाचनालयात जायला लागले. मी फोनवर त्याच वर्गणीच्या पाटीपुढे अडून बसले आहे, हे तिथल्या ग्रंथपाल बाईंनी पाहिलं. म्हणाल्या, अहो, पैसे कशाला घालवता? हीच साईट आपल्या कॉम्प्युटरवर सभासदांना मोफत आहे, फक्त इथे बसून बघायची. आणि सरकारी दप्तराची वेगळी साईट आहे, ती तर घरूनही फुकट. मला वाटलं, सुटले. पण मेख पुढे होती. जन्माच्या नोंदी शंभर वर्षं बंद ठेवतात, जिवंत माणसाची माहिती चव्हाट्यावर येऊ नये म्हणून. मृत्यूच्या मात्र काही वर्षांत उघडतात. म्हणजे माझ्यासारखीला कुणाला शोधायचं, तर ते गेलेल्यांतच.

तेव्हा रागावू नका वन्सं, मी रोज गेलेल्यांत तुम्हाला शोधत होते. एकेक वर्ष घ्यायचं, तुमचं नाव घालायचं आणि डोळे मिटून बटण दाबायचं. ‘नोंद आढळली नाही’ असं आलं की जीव भांड्यात पडायचा. शेजारच्या खुर्चीत एक निवृत्त पोस्टमन बसायचे. आपल्या घराण्याच्या शोधात ते इतके मागे गेले होते, की सगळे त्यांना पणजोबाच म्हणत. कुणी सापडलं की ते टेबलावर थाप मारायचे. मी कुणी सापडलं नाही की हसायचे. म्हणायचे, वहिनी, तुमचं सगळं उलटंच. हात हलवत परत जायचं आणि वर आम्हाला चहा पाजायचा! एकदा तुमच्या नावाची बाई निघाली. वयही जुळत होतं. मी उठून पाणी पिऊन आले, मग खालची ओळ वाचली. तिचं जन्मगाव वेगळं होतं. त्या परक्या बाईबद्दल मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

सगळी वर्षं संपली तेव्हा पणजोबांना खरं काय ते सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. अहो, जिवंत माणूस स्वतःच्या नोंदीत कसा सापडेल? गेलेल्याची वर्दी कुणीतरी जिवंतच देतं ना? त्याचं नाव, त्याचा पत्ता खाली असतो. आईची नोंद काढा. मी त्या दिवशी काढली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. यांना बरं म्हटलेलं होतं. शेवटी मनात यांच्याशी थोडं भांडून काढली.

आईंची नोंद लगेच निघाली. म्हाताऱ्या होऊन गेल्या. वर्दी देणार: मुलगी. तुमचं नाव, तुमचा पत्ता, इथून गाडीने फार लांब नाही असा. आणि त्याच्या वर एक रकाना होता. हयात अपत्ये: दोन. तुमच्या भावाला तुम्ही लहानपणानंतर पाहिलेलं नव्हतं. तो कुठे आहे, आहे की नाही, काही ठाऊक नव्हतं. तरी कारकुनाने विचारलं तेव्हा तुम्ही दोन सांगितलंत. मी तो रकाना मोठ्याने वाचला. पणजोबांनी टेबलावर थाप मारली नाही.

तुमचा आकडा बरोबर होता वन्सं. तेव्हा हे होते, दुकानात मशीनला कान लावून बसलेले होते. गेल्या वर्षी थंडी सुरू होताना हे झोपेत गेले. आजारपण नाही, त्रास नाही. सकाळी मी हाक मारली तेव्हा गेलेले होते. आणखी काही वर्षांनी यांची नोंदही त्या साईटवर फुकट उघडेल. ज्या बाईने दोन सांगितलं ती अजूनही शोधत असणार, आणि तिला भाऊ तिथे सापडू नये, म्हणून हे पत्र. बोलावलंत तर यांचे फोटो घेऊन येईन, नाही बोलावलंत तरी समजून घेईन. खरं तर प्रत्यक्षच सांगायचं होतं. तुमचा पत्ता मिळाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पहिल्या गाडीने तुमच्या गल्लीत आले. तुम्ही फाटकाशी कुंड्यांना पाणी घालत होतात, यांच्यासारखाच डावा हात कमरेवर ठेवून. पहिल्या वाक्यात भाऊ द्यायचा आणि दुसऱ्या वाक्यात काढून घ्यायचा, हे मला तोंडाने जमेना. तुम्ही विचारलंत, कोण हवंय? मी म्हटलं, घर चुकले. तुम्ही म्हणालात, ऊन फार आहे, पाणी तरी पिऊन जा. मी पाणी प्याले, पेला तुमच्या हातात दिला आणि घरी येऊन हे लिहायला बसले.

तुमचीच,
भावजय